आमचे मामा आणि स्वीडन

जगातल्या सुखी देशांची एक यादी दरवर्षी मार्च महिन्यात प्रसिद्ध होते. मार्च महिन्यात! यादी करणाऱ्यांपैकी एकानेही कधी बँकेत नोकरी केलेली नाही, हे एवढ्यावरूनच ओळखावं. मार्चअखेरच्या धामधुमीत बँकवाल्याला ‘तुम्ही सुखी आहात का?’ असं विचारणं म्हणजे मांडवात वधूपित्याला ‘जेवलात का?’ विचारण्यापैकी आहे. उत्तर काहीही आलं तरी ते खरं नसतं.

ते असो. २०१८ पासून २०२५ पर्यंत सलग आठ वर्षं या यादीत फिनलंड पहिला आला. त्याच्या आजूबाजूला डेन्मार्क, आइसलंड, स्वीडन, नॉर्वे ही मंडळी पहिल्या बाकावरच्या पोरांसारखी हाताची घडी घालून बसलेली असतात. २०२५ च्या यादीत भारत ११८ वा होता. आमच्या कोंढ्याच्या शाखेत हेडकॅशिअर ही बातमी दरवर्षी मोठ्याने वाचतात आणि चष्मा पुसत म्हणतात, “भाऊ, त्यांची माणसंच वेगळी. आपल्या लोकांना सात जन्मात जमायचं नाही.” हे म्हणताना त्यांच्या चेहऱ्यावर दुःख असावं अशी आपली अपेक्षा असते. पण खरं सांगतो, तिथे समाधान असतं. ‘आपल्याला जमायचं नाही’ हे एकदा ठरलं की माणूस फार मोकळा होतो. मग लाइनीतल्या म्हाताऱ्याला ‘उद्या या’ सांगायलासुद्धा जड जात नाही.

फिनलंड हा स्कँडिनेव्हियात मोडतो की नाही, यावर भूगोलवाल्यांत वाद आहे. आमचं गाव पवनी तालुक्यातलं. बाहेरचा माणूस ‘कोंढा-कोसरा’ असं एका दमात म्हणून मोकळा होतो, त्यामुळे असल्या वादाचं आम्हाला नवल नाही. या लेखापुरती ती सगळी मंडळी मी एकाच संयुक्त खात्यात धरतो.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. आम्हाला इतिहास हा विषय नव्हता. पुस्तपालन होतं, आणि माझ्या मते पुस्तपालन हाच खरा इतिहास. शाळेतल्या इतिहासात राजाने काय काय बांधलं एवढंच सांगतात. पुस्तपालनात ते कुणाच्या पैशाने बांधलं, हेही समोरच्या बाजूला लिहावं लागतं, नाहीतर ताळा जमत नाही. शिवाय कर्ज देताना आम्ही दोन गोष्टी पाहतो : पत आणि ऐपत. पत म्हणजे लोक त्या माणसाबद्दल काय बोलतात ती. ऐपत म्हणजे त्याच्यापाशी खरोखर काय आहे ती. देशोदेशीच्या बँकांत बुडालेली कर्जं काढून पाहा. बहुतेक पत पाहून दिलेली निघतील. तेव्हा स्वीडनादी मंडळींची जी जगभर पत आहे, तिच्यामागे ऐपत किती, हे तपासायला बँकेतलाच माणूस हवा. एलटीसीत स्टॉकहोम बसत नसल्यामुळे ही तपासणी कागदोपत्रीच करावी लागली. आमच्या बहुतेक तपासण्या तशाच होतात.

आधी त्यांच्या जमेची बाजू. त्या देशांत माणसं एकमेकांवर विश्वास ठेवतात. डेन्मार्कात आया तान्ह्या पोराला बाबागाडीत झोपवून गाडी हॉटेलाबाहेर उभी करतात आणि आत जाऊन कॉफी पितात. आमच्या शाखेत स्लिपा भरायच्या टेबलावर एक बॉलपेन आहे. ते सुतळीने टेबलाला बांधलेलं आहे. पूर्वी सुतळी पातळ होती, तेव्हा पेन गेलं. मग सुतळी जाड केली, तेव्हा टोपण गेलं. आता टोपण नसलेलं, आतली कांडी संपत आलेलं पेन जाड सुतळीला बांधून ठेवलेलं आहे, आणि ते सुरक्षित आहे. एकीकडे मोकळं सोडलेलं पोर आणि दुसरीकडे बांधलेलं पेन, या दोन टोकांमधल्या अंतरालाच बहुधा अर्थशास्त्रात ‘सामाजिक भांडवल’ म्हणत असावेत.

आता नावेची बाजू. सुरुवात मी साहजिकच बँकेपासून केली. युरोपातली पहिली कागदी नोट काढली ती स्वीडनने, १६६१ साली. काढणाऱ्या बँकरचं नाव योहान पाल्मस्ट्रुक. त्याआधी तिकडे तांब्याच्या पाट्या नाणी म्हणून चालत. दहा डालरचं नाणं जवळजवळ वीस किलोचं. बाजाराला जाताना पिशवी नव्हे, बैलगाडीच काढायची. अशा देशात कागदाची नोट निघाल्यावर लोकांच्या खांद्यावरचं ओझं अक्षरशः उतरलं. लोक इतके खूश झाले की पाल्मस्ट्रुकही खूश झाला, आणि तिजोरीत माल किती आहे याची फिकीर न करता नोटा काढत सुटला. पुढे लोक नोटा घेऊन दारात उभे राहिले, आणि बँक बुडाली. पाल्मस्ट्रुकला मृत्युदंड ठोठावला. मग दया दाखवून तुरुंगात टाकलं. जगाला प्रामाणिकपणा शिकवणाऱ्या देशाच्या कागदी चलनाचा हा श्रीगणेशा. पण त्यांनी पुढे काय केलं ते पाहण्यासारखं आहे. १६६८ साली संसदेने स्वतःच्या देखरेखीखाली नवी बँक उभी केली. तीच आजची रिक्सबँक, जगातली सर्वांत जुनी मध्यवर्ती बँक. फसले, चिडले, आणि नियम करून बसले.

दुसरी नोंद १९७३ सालची. २३ ऑगस्टला स्टॉकहोममधल्या एका बँकेत एक बंदूकवाला शिरला. त्याने बँकेच्या चार कर्मचाऱ्यांना ओलीस धरलं, आणि २८ तारखेपर्यंत ते तिजोरीच्या खोलीत अडकून पडले. सुटका झाल्यावर असं दिसलं, की या चौघांना दरोडेखोराविषयी राग नव्हताच. भीती वाटत होती ती पोलिसांची. त्यांच्यातल्या एकीने तर आतून थेट पंतप्रधान ओलोफ पाल्मे यांना फोन लावून, आपण या लोकांबरोबर बाहेर जायला तयार आहोत, असं सुनावलं होतं. मानसशास्त्रज्ञांनी याला ‘स्टॉकहोम सिंड्रोम’ असं भारदस्त नाव दिलं. बँकेत काम करणाऱ्या माणसाला यात गूढ असं काही वाटत नाही. सहा दिवस गिऱ्हाईक नाही, हेडऑफिसचा फोन नाही, पासबुक छापण्याचं मशीन बंद असल्याची तक्रार नाही. जो माणूस हे घडवून आणतो त्याच्याविषयी चार शब्द बरे निघणारच.

तिसरी नोंद मात्र हसण्यावारी नेण्याजोगी नाही. लाच न खाणाऱ्या देशांच्या यादीत डेन्मार्क वर्षानुवर्षं पहिल्या नाहीतर दुसऱ्या नंबरवर. त्याच डेन्मार्कच्या सर्वांत मोठ्या बँकेच्या एस्टोनियातल्या शाखेतून २००७ ते २०१५ या काळात सुमारे २०० अब्ज युरो वाहून गेले, आणि त्यातला मोठा भाग संशयास्पद होता. शेवटी २०२२ साली बँकेने अमेरिकेच्या कोर्टात गुन्हा कबूल केला. आमच्याकडे धान विकून मोठी रोकड भरायला कुणी आला तर आम्ही त्याला पॅनकार्ड आणायला घरी परत पाठवतो. तो बिचारा बसच्या वेळा बघत जातो. तेव्हा ‘त्यांची माणसंच वेगळी’ या वाक्यावर मी लाल शाईने एक प्रश्नचिन्ह काढलं आणि पान उलटलं.

मागच्या पानावर दुष्काळ होता. १८६७ ते १८६९ या वर्षांत स्वीडनमध्ये माणसं भुकेने मेली. झाडांच्या साली, शेवाळ पिठात मिसळून खाण्याची वेळ आली. १८५० ते १९३० या ऐंशी वर्षांत बारा लाखांवर स्वीडिश माणसं पोटासाठी अमेरिकेला गेली. आज आपली पोरं तिकडे नोकरी शोधतात. तेव्हा त्यांची पोरं बोटीच्या तळाशी बसून दुसरीकडे जात होती. तीच माणसं, तीच थंडी, तेच रक्त. ‘थंड हवेमुळे माणूस शिस्तीचा होतो’ असा एक सिद्धान्त आमच्या शाखेत दर डिसेंबरात मांडला जातो. तो खरा असता तर स्वीडन १८६७ सालीही यादीत पहिला आला असता. थंडी त्या सालीही भरपूर होती.

आणि एक नोंद आहे ती त्यांनी स्वतःच बरीच वर्षं वहीच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवली होती. स्वीडनमध्ये १९३४ साली नसबंदीचा कायदा झाला. कल्याणकारी राज्य सगळ्यांना पोसणार, मग पोसायची माणसं ‘चांगल्या प्रतीची’ नकोत का, असा त्यामागचा हिशेब. १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत सुमारे त्रेसष्ट हजार लोकांची नसबंदी झाली. त्यातल्या बहुतेक बायका होत्या. कितीतरी जणींची ‘संमती’ ही सरकारी मदत किंवा दवाखान्यातून सुटका यांच्या बदल्यात घेतलेली होती. १९९७ साली तिकडच्या वर्तमानपत्राने हे उकरून काढलं, आणि १९९९ पासून सरकारने नुकसानभरपाई दिली. आपण यावर नाक मुरडायला जावं, तर आपली वही उघडी पडते. १९७६ साली त्यांचा तो कायदा मोडीत निघाला, आणि नेमक्या त्याच सालात आपल्याकडे आणीबाणीत नसबंदीची मोहीम जोरात होती. १९७६-७७ या एका वर्षात ब्याऐंशी लाखांवर शस्त्रक्रिया. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर सक्तीचा कायदाच मंजूर करून राष्ट्रपतींकडे पाठवला होता. तिथे मंजुरी मिळाली नाही म्हणून वाचलो. चांगलं करायचा झपाटा लागलेलं सरकार माणसाच्या किती आत शिरू शकतं, एवढ्याबाबतीत मात्र स्टॉकहोम आणि मुंबई यांच्यात फारसं अंतर नव्हतं.

एवढं झाल्यावर मी पत नाकारली असती. पण नॉर्वेने मला अडवलं. १९६९ साली त्यांच्या समुद्रात तेल सापडलं. घरात अचानक पैसा आला की माणूस काय करतो हे आम्ही काउंटरच्या अलीकडून रोज पाहतो. धरणात गेलेल्या जमिनीचा मोबदला खात्यावर पडतो, आठवड्यात दारात मोटरसायकल, महिन्यात लग्नाचा मांडव, आणि वर्षात खातं पुन्हा किमान शिलकीच्या खाली. नॉर्वेने १९९० साली कायदा करून तेलाच्या पैशाचा एक फंड काढला. सरकारला त्यातून दरवर्षी साधारण चार टक्के उचलायची मुभा, असं २००१ साली ठरलं. २०१७ साली तेही तीनवर आणलं. मुद्दलाला हात नाही. कुठल्याही पक्षाचं सरकार येवो, ही आरडी मोडायची नाही. आता त्यातही मेख आहेच. तेल ते जगाला विकतात, आणि स्वतः विजेवरच्या गाड्या चालवतात. २०२४ मध्ये तिथे विकल्या गेलेल्या नव्या गाड्यांपैकी जवळजवळ नव्वद टक्के विजेच्या होत्या. दारूचं दुकान चालवणारा माळकरी आपण पाहिलेला आहे. तरीही मुद्दल न मोडणारं सरकार दिसलं की बँकेतला माणूस उठून उभा राहतो.

म्हणजे माझा शेरा असा : पत आहे, आणि बऱ्याच अंशी ऐपतही आहे. पण ती वाडवडिलार्जित नाही. फसलेल्या, भुकेल्या, एकमेकांवर चिडलेल्या माणसांनी नियम केले आणि ते पाळण्याचा हट्ट धरला, त्याची ही कमाई आहे. आणि कमाई असेल, तर ‘आपल्याला जमायचं नाही’ या वाक्यावर मिळणारं हेडकॅशिअरांचं समाधान बेकायदेशीर ठरतं.

आपल्याकडे असे हट्ट झालेच नाहीत असं नाही. १९९२ साली महाराष्ट्र सरकारने आदर्श गाव योजना काढली. तिची पंचसूत्री वाचा : कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, नसबंदी आणि श्रमदान. पाचातल्या चार बंद्या, आणि पाचवं फुकट काम. आदर्श होण्याची ही जाहिरात वाचून कुठलं गाव उडी मारील? तरीही नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने मारली होती, योजनेच्याही आधी, १९८९ पासून, पोपटराव पवार सरपंच झाल्यावर. तिथली एक गोष्ट मला फार आवडते. पावसाळा संपला की ग्रामसभेपुढे पाण्याचा ताळेबंद मांडतात. पाऊस इतका पडला, मुरला इतका, पिण्याला इतका, उरलेल्यात रब्बीला काय पेरायचं ते सांगा. ऊस नाही, केळी नाही, शेतीसाठी बोअर नाही. पाण्याचा ताळेबंद! आमच्या भंडारा जिल्ह्यात त्याच्या तिपटीच्या आसपास पाऊस पडतो, आणि आम्ही उन्हाळ्यात टँकरची चौकशी करतो.

नावेची बाजू इथेही आहे. राळेगणसिद्धीत सुरुवातीच्या काळात दारुड्यांना खांबाला बांधून फटके दिल्याचं अण्णा हजारे यांनी स्वतःच जाहीरपणे सांगितलेलं आहे. गावाची दारू सुटली हे जमेला. पण खांब नावेला लिहावाच लागतो. त्या मानाने आमच्या शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यातलं मेंढा-लेखा हे गोंडांचं लहानसं गाव मला अधिक परवडतं. तिथे ग्रामसभेचा निर्णय बहुमताने होत नाही, सर्वसहमतीने होतो. एक माणूस नाही म्हणाला तर विषय पुढच्या सभेवर. आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत ही पद्धत आणली तर चहाचा ठरावसुद्धा पास होणार नाही. पण या गावाने २००९ साली अठराशे हेक्टरांवर जंगलाचा सामूहिक हक्क मिळवला, आणि २०११ पासून स्वतःचा बांबू स्वतः विकला. खांब नाही, पट्टा नाही. फक्त बसून बोलायचं, कंटाळा येईपर्यंत, आणि कंटाळा आल्यावरही.

आता आमच्या मामांकडे येतो. भंडाऱ्याबाहेरच्या वाचकासाठी सांगायला हवं, की आमच्याकडे ‘मामा’ हे तलावाचं नाव आहे. माजी मालगुजारी तलाव, त्यातला पहिला ‘मा’ आणि दुसरा ‘मा’. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चार जिल्ह्यांत मिळून सहा हजारांवर मामा आहेत. एवढे मामा असलेला भाचा सुखी असायला हवा.

हे तलाव बांधले ते मुख्यतः कोहळी समाजाने. चांद्याचा कुणी गोंड राजा काशीयात्रेला गेला असता, तिथून पाण्याची करामत जाणणाऱ्या या लोकांना घेऊन आला, अशी परंपरा सांगतात. गोंड राजांनी एक साधा नियम केला होता, अशीही या भागाची आठवण आहे : जो तलाव बांधील, त्याला त्या तलावाच्या पाण्याने भिजणारी जमीन. अनुदान नाही, टेंडर नाही, नारळ फोडायला मंत्री नाही. तलाव गळला तर जमीन कोरडी, म्हणजे बांधणाराच उपाशी. कामाचा दर्जा तपासायला यापेक्षा स्वस्त इंजिनिअर अजून निघालेला नाही. नवेगावबांधचा मोठा तलाव कोलू पाटील कोहळी याने अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बांधला असं सांगतात. त्याच सुमारास, १७०९ साली, स्वीडनचा बारावा चार्ल्स राजा रशियावर चालून जाऊन पोल्टाव्हाला सपाटून मार खात होता. त्या वर्षी कुणी यादी केली असती, तर पहिल्या बाकावर कोण बसलं असतं, हे मी सांगायला नको.

तलावाची रचना पाहिली की माझ्यासारख्या जमाखर्चवाल्याला भरून येतं. वरून येणाऱ्या नाल्याला आडवी मातीची पाळ. आमच्या झाडीबोलीत ‘ळ’ नाही, त्याचा ‘र’ होतो. म्हणून ती ‘पार’, आणि तलावातला गाळ तो ‘गार’. जादा पाणी पाळीवरून उसळू नये म्हणून एका बाजूने वाट काढून दिलेली, ती सलंग. शेतात पाणी सोडायचं दार, ते तुडुम. एका तलावातून सुटलेलं पाणी खालच्या तलावात, त्यातून सुटलेलं त्याच्या खालच्यात, आणि ज्याच्या वाट्याला नाल्याचं पाणी नाही त्याची शेतापुरती बोडी. पाऊस जमा होतो, शाखा-शाखांतून फिरतो, आणि गावाबाहेर जायच्या आधी चार ठिकाणी व्याज देऊन जातो. उन्हाळ्यात पाणी आटलं की शेतकरी गाळ काढून आपल्या वावरात टाकायचा. तलाव खोल राहायचा, धान जोरात यायचं. खताचं बिल नाही, आणि गाळ काढायचंही नाही.

पण नावेच्या बाजूला कोरं पान ठेवायची आमच्यात पद्धत नाही. पार बांधणाऱ्याला जमीन मिळाली. पारीवर माती वाहणाऱ्याला काय मिळालं? १८६० नंतर इंग्रजांनी मालगुजारांना गावाचे मालक म्हणून कागदावर चढवलं, आणि मालगुजाराची वेठबिगार हा शब्द आमच्या भागातल्या म्हाताऱ्यांनी आपल्या आजोबांकडून ऐकलेला आहे. ज्याची जमीन तुडुमाजवळ त्याचं धान आधी भिजायचं, आणि जमिनी कुणाच्या कुठे होत्या हे जातीवरून सांगता येत होतं. मालगुजार चांगला तर तलाव चांगला, तो उडाणटप्पू तर गाव कोरडं. म्हणून मालगुजारी गेली याचं मला यत्किंचितही दुःख नाही. ती गेली कशी, याचं आहे.

मालगुजारी संपली ३१ मार्च १९५१ रोजी. ३१ मार्च! त्या दिवशी काय गडबडीत नोंदी होतात ते आम्हाला विचारा. मध्य प्रदेशच्या कायद्याने (आमचा जिल्हा तेव्हा त्या राज्यात होता) मालगुजारांचे तलाव सरकारजमा झाले. पुढे १९५६ साली आम्ही मुंबई राज्यात गेलो, १९६० साली महाराष्ट्रात आलो, १९६२ साली जिल्हा परिषदा झाल्या. प्रत्येक वेळी मामांची फाईल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेली. मालक झालं सरकार, पाणी राहिलं शेतकऱ्याचं, मासळी ढिवरांची, काठावरचं गवत ज्याची म्हैस त्याचं. आणि पार कुणाचीच नाही. पूर्वी मालगुजार काठी घेऊन गाळ काढायला लावायचा. ती काठी मोडली ते उत्तमच झालं. पण काठीच्या जागी पाण्याचा ताळेबंद यायला हवा होता, तो आला नाही. गाळ साठला, कडेने अतिक्रमण झालं, आणि राहिलेल्या पाण्यात बेशरम नावाची वनस्पती माजली. तिचं नाव बेशरम कुणी ठेवलं ते कळत नाही, पण ठेवणाऱ्याला मालकी हक्काचा कायदा ठाऊक असावा.

दरम्यान आमच्या पवनी तालुक्यातच वैनगंगेवर एक मोठे मामा आले : गोसेखुर्द. २२ एप्रिल १९८८ रोजी पंतप्रधान राजीव गांधींनी पायाभरणी केली. मूळ अंदाज होता ३७२ कोटींचा; पुढे आकडा हजारो कोटींवर गेला. गावंच्या गावं उठली. पाण्याचा प्रश्न सुटला की नाही यावर अजून चर्चा चालू आहे. लहान सहा हजार मामा सांभाळण्यापेक्षा एक मोठा मामा बांधणं सरकारला सोपं वाटतं. लग्नातसुद्धा मोठ्या मामाचाच मान असतो.

तरी सगळंच बुडीत खात्यात टाकण्याजोगं नाही. तिकडे अर्जुनी-मोरगावच्या बाजूला ढिवर समाजाच्या मासेमार संस्थांनी बाया-पुरुष मिळून तलावांत उतरून बेशरम उपटली, गाळात देशी पाणवनस्पती लावल्या. आणि दिसेनासे झालेले देशी मासे पुन्हा जाळ्यात येऊ लागले. या लोकांच्या नावावर तिथे एक वाफासुद्धा नाही. पारीवर माती वाहणाऱ्यांचेच हे वारस. नियम त्यांनी स्वतः केले. अंडी घालायच्या दिवसांत जाळं टाकायचं नाही, हा त्यातला एक. जगाच्या कुठल्याही यादीत त्यांचा नंबर नाही. हेडकॅशिअरना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “पण भाऊ, ते एक-दोन गावांपुरतं.” मी म्हटलं, “साहेब, डेन्मार्कातली पहिली सहकारी डेअरीसुद्धा १८८२ साली एकाच गावात निघाली होती.” त्यावर त्यांनी घड्याळाकडे पाहिलं आणि कॅश मोजायला घेतली.

२०१७ साली सरकारने ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ अशी योजना काढली. म्हणजे जे आमचे आजे-पणजे नाव न देता करत होते, त्याला आता नाव आहे. तेव्हापासून उन्हाळ्यात गाळाच्या ट्रॉल्या दिसू लागल्या आहेत. त्यासाठी हातउसनं कर्ज हवं म्हणून एक शेतकरी गेल्या उन्हाळ्यात काउंटरवर आला. म्हातारा, धोतर गुडघ्यापर्यंत, पण हिशेब तोंडपाठ : किती ट्रॉल्या, किती फेऱ्या, डिझेल किती.

फॉर्म देता देता मी गप्पा काढल्या. तो म्हणाला, “गार त काढून घेऊन सायेब. गार आमच्या वावरात येते, तं आमी काढूच. पर पार फुटली तं कोनाले सांगाचं?”

मी त्याला व्यवस्थित समजावून दिलं. शंभर हेक्टरच्या आतला तलाव असेल तर जिल्हा परिषद, त्याच्या वरचा असेल तर राज्याचं खातं, अतिक्रमण असेल तर तहसील, मासळीचा ठेका असेल तर ते खातं निराळं. म्हाताऱ्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“म्हंजे कोनालेच नाई,” तो म्हणाला, आणि सुतळीचं पेन जवळ ओढून अर्ज भरायला बसला. ‘कर्जाचं कारण’ या रकान्यात त्याने मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘मामाचा गार’. मी ते दुरुस्त केलं नाही. ऑडिटर विचारील तेव्हा बघू.